सूपभर जोंधळ्याची पोर

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

आजपासून मी ह्या घरात कुणाशी बोलणार न्हाय. वहीशी बोलणार. मराठीच्या बाई म्हणतात 'न्हाय' लिहू नका, 'नाही' लिहा. पण ही वही बाईंनी तपासायची न्हाय, तेव्हा मी मला पायजे तसं लिहिणार.

कारण सांगते. मंथनला संक्रांतीला नवी पँट, नवा शर्ट, वर गॉगल. मला निपाणीचं गाठोडं. दर सणाला हेच. निपाणीजवळ वहिनीचं माहेर. तिथं शेजारी चंदनाक्का म्हणून एक म्हातारी हाय, जैनांची. तिच्या नातीचे, सौम्याताईचे जुने ड्रेस धुऊन घडी करून आमच्याकडं येतात आणि ते मी घालायचे. शाळेचा युनिफॉर्म सोडला तर जन्मात मी कोरा ड्रेस अंगाला लावलेला न्हाय. मंथन सात वर्षांचा. त्याचं कपाट बघा आणि माझी पिशवी बघा.

एक मात्र नवल हाय. सौम्याताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि अंगानं माझ्या दुप्पट. तरी तिचे जुने ड्रेस मला इतके मापात कसे बसतात देव जाणे. ह्या वेळचा तर बाहीपर्यंत फिट. लहानपणी लई बारीक असंल ती.

वहिनी म्हणजे माझी आई. हे लिहून ठेवायला पायजे, न्हायतर वाचणारा गोंधळेल. (वाचणारा मारबी खाईल.) काका आधी आमच्यातच राहायचा, तो तिला वहिनी म्हणायचा, ते ऐकून मीपण वहिनी म्हणायला लागले म्हणे. मंथन आई म्हणतो. आणि माझं नाव आरोही, पण ते फक्त शाळेत. घरात मी केराबाई. "ए केराबाई, पाणी आण." लहानपणी मी केरात लोळायची म्हणून हे नाव पडलं, असं पप्पा सांगतात. कुठलं पोरगं केरात लोळत न्हाय? मंथन तर माती खायचा. त्याला कुणी मातीराव म्हणत न्हाय.

संध्याकाळी शेजारच्या मालुबाई तिळगूळ द्यायला आल्या. मला बघून म्हणाल्या, "अगंबाई, किती गोड दिसती गं पोरगी! डोळं बघ, उंची बघ."

वहिनी आतनंच ओरडली, "कसलं गोड? माकड नुसतं! घेऊन जावा तुमच्याकडं."

मालुबाई लई हसल्या. मी न्हाय हसले.

२० जानेवारी, सोमवार

ताप. अंथरुणातनंच लिहिते, कारण हे विसरायचं न्हाय.

दिवसभर पप्पांनी कपाळावर पट्ट्या ठेवल्या. वहिनी खोलीत एकदाबी आली न्हाय. दारातनं विचारायची, "कशी हाय ती?" ती म्हणे! मी काय मेले का? मला विचार की! मंथनला नुसती शिंक आली तर त्याला मांडीवर घेऊन बसती.

लाईट गेलती वाटतं, घरातले साड्यांचे दोन्ही माग बंद होते. आमच्या बेळगावच्या वडगावात सकाळपासनं रात्रीपर्यंत मागाची खटखट असती. ती थांबली की कानाला कसंतरीच होतंय. पण झोप चांगली लागली. पंखा मात्र चालू होता, त्याची लाईन वेगळी असंल.

मंथन सांगून गेला, आई आज जेवली न्हाय, देवापुढंच बसून हाय. म्हणजे मी आजारी पडले त्याचासुद्धा तिला राग.

२५ जानेवारी, शनिवार

निपाणीहून फोन आला. चंदनाक्का दीक्षा घेणार!

मला काय ते माहीत नव्हतं, पप्पांनी सांगितलं. घरदार, शेत, पोरं, नातवंडं सगळं सोडायचं. डोक्यावरचे केससुद्धा सोडायचे. एक पांढरी साडी, पायात काय न्हाय, हातात मोरपिसांची पिंछी, दिवसातनं एकदाच जेवण. मग तिला आक्का म्हणायचं न्हाय, माताजी म्हणायचं. घरची माणसं तिची न्हाईत आणि ती घरच्यांची न्हाय. दर मे महिन्यात आम्ही तिच्याच घरी जातो, कारण वहिनीचं माहेरचं घर आज्जी वारल्यापासनं बंद हाय. तिच्याकडं बटाटा न्हाय, कांदा न्हाय, दिवस मावळायच्या आत जेवण आटपायचं, पण तिथं मला कुणी केराबाई म्हणत न्हाय. चंदनाक्का मला आरोही म्हणती. सगळ्या जगात घराच्या आत मला आरोही म्हणणारी ती एकटी.

पप्पा म्हणाले, "मोठं पुण्याचं काम हाय." वहिनी पाटावर बसली ती बसलीच. मग म्हणाली, "त्यांना सांगा, हिकडं येऊ नका म्हणावं."

पप्पा म्हणाले, "असं कसं? सगळ्यांची क्षमा मागायला येणार त्या. रीत हाय त्यांची."

"क्षमा न्हवं मागायला येणार," वहिनी म्हणाली आणि उठून आत गेली.

एवढ्या चांगल्या बाईला येऊ नका म्हणती. मला तर ह्या बाईचं काय कळतच न्हाय.

२ फेब्रुवारी, रविवार

मला काय लिहावं कळंना. तरी लिहिते. जसं झालं तसं.

चंदनाक्का आली. तिचा मुलगा बाहुबलीमामा गाडीनं सोडून बाजारात गेला. वहिनीनं बिनकांद्याचा स्वयंपाक केलता. जेवणं झाली, पप्पा मंथनला घेऊन बाहेर गेले. मला वहिनीनं दुकानात पाठवलं, पण मी गेलेच न्हाय. मागाच्या खोलीत मागापाठीमागं बसून कांड्यांना दोरा गुंडाळत होते, म्हणजे नुसती बसले होते. त्या दोघी पलीकडं चौकटीपाशी येऊन बसल्या.

चंदनाक्का म्हणाली, "अंजनी, शेत पोरांच्या नावावर झालं. सोनं सुनांस्नी दिलं. गायसुद्धा दिली बघ. महाराजांनी विचारलं, आक्का, अजून काय राहिलंय? मी म्हटलं, काय न्हाय. आणि घराकडं येताना वाटेतच आठवलं. ही माझ्यावर राहिली गं. तुझी तू परत घे."

वहिनी म्हणाली, "मला नको."

"अंजनी..."

"मला नको ती. मी घेणार न्हाय. तुमचीच हाय, तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे."

"मला आता ठेवता येत न्हाय बाई. मला सोडायलाच पायजे."

"मग दीक्षा घेऊ नका!"

देवाशप्पथ, मला वाटलं गायीचंच चाललंय. मनात म्हटलं, घे की वहिनी, दूध मिळंल. तेवढ्यात चंदनाक्का म्हणाली, "आरोही केवढी झाली बघ. आता तिला कळतंय सगळं. असं अधांतरी ठेवू नको पोरीला."

माझ्या हातातनं कांडी पडली आणि गडगडत त्यांच्या पायापर्यंत गेली. दोघींनीबी तिच्याकडं बघितलं. मी मागच्या दारानं पळाले.

एक म्हणती मला सोडायला पायजे. दुसरी म्हणती मला नको. आणि मी मागापाठीमागं बसून ऐकते. छातीत मागासारखं खटखट वाजतंय. मी हिची न्हाय? मग मी कुणाची? मी कोण?

३ फेब्रुवारी, सोमवार

शाळेत काय शिकवलं ते आठवत न्हाय. बाईंनी आरोही म्हणून हजेरी घेतली, तर हजर म्हणायला तोंड उघडंना.

घरी येऊन आरशात बघितलं. कान वहिनीसारखे. पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब, ते माझं आणि मंथनचं सारखं. मग वहिनीचं पाऊल बघावं म्हणून तिच्या पाठीमागं फिरले, तर ती ओरडली, "पायात पायात का करतीस?"

तर एक गोष्ट पक्की दिसती. मी चंदनाक्काची हाय. म्हणजे त्यांच्या घरातल्या कुणाची तरी. म्हणून ते जुने ड्रेस. म्हणून मी वहिनी म्हणते. मंथन ह्यांचा, मी तिकडची. सगळं बसतंय. इतकी वर्षं मला कसं कळलं न्हाय? मी गाढव हाय.

मग मी जैन का? आजवर किती कांदाभजी खाल्ली असतील, त्याचं आता काय?

रात्रीच्या जेवणात बटाट्याची भाजी होती. मी एक एक फोड काढून ताटाच्या कडेला ठेवली.

वहिनी म्हणाली, "बटाटा का काढलास?"

मी म्हटलं, "जैन लोक बटाटा खात न्हाईत."

मंथन खी खी करून हसला. पप्पांचा घास हातात राहिला. वहिनीच्या तोंडावरचा रंगच गेला. माझ्या ताटातल्या फोडींकडं बघत राहिली, मग उठून चुलीकडं गेली. आमच्यात गॅस हाय, पण चुलीच्या कोपऱ्यातच गेली, जिथं काय काम नसतंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

पप्पांना मागावर गाठलं. म्हटलं, "खरं सांगा. न्हायतर मी एकटी निपाणीच्या बसमध्ये बसते. कर्नाटकच्या बसला बायकांना तिकीट न्हाय, मला कुणी अडवू शकत न्हाय."

पप्पांनी माग थांबवला आणि सांगितलं. मी तसंच लिहिते.

माझ्या आधी दोन झालते. आधी एक मुलगा, मग एक मुलगी. दोघंबी बारशाच्या आत गेले. हे मला कुणी कधी सांगितलेलं न्हाय. माझ्या आधी ह्या घरात दोघं होते! मग मी झाले, वहिनीच्या माहेरी. आज्जी म्हणाली, हिच्या पोटचं म्हणून टिकत न्हाय, तर हे हिचं नकोच. मला सुपात घातलं आणि घरामागं परड्यात केराच्या ढिगावर नेऊन ठेवलं. चंदनाक्काची पोरं सगळी धडधाकट, म्हणून तिला बोलावलं. तिनं मला उचललं आणि आज्जीला सूपभर जोंधळा दिला. झालं. मी तिची. माझ्या घरच्यांनी मला नुसतं सांभाळायचं, जसं दुसऱ्याचं जनावर सांभाळतात.

म्हणून केराबाई. म्हणून वहिनी. माझं कौतुक कुणी करायचं न्हाय, माझा वाढदिवस न्हाय, नवा कपडा न्हाय, मागून आणलेलाच घालायचा. ती पोरं नेणारी वर जी कोण बघत असती, तिला कळू द्यायचं न्हाय की ही ह्या घरातली हाय. मंथनच्या वेळी काय करावं लागलं न्हाय, कारण मी टिकले होते.

मी विचारलं, "मग परत का घेतलं न्हाय?"

"पाचव्या वर्षी घ्यायचं ठरलं होतं. आक्काला परत द्यायला सूपभर जोंधळा भरून ठेवला. आदल्या दिवशी तुला निमोनिया. वाचतीस का न्हाय अशी गत. तुझ्या आईनं ते सूप उचलून माळ्यावर ठेवलं, पुन्हा काढलंच न्हाय. लोकांना मी सांगितलं, झाला कार्यक्रम." मग पप्पा हसायला लागले. "अगं, नाटक असतंय ते. जुन्या बायकांचं."

मी म्हटलं, "नाटक असलं तर इतकी वर्षं कोण करतंय?"

पप्पांनी माग चालू केला.

म्हणजे वहिनीच माझी आई. खरी. मला बरं वाटायला पायजे होतं. मघापासनं वाट बघते, अजून वाटलेलं न्हाय. उलट जास्त वाईट झालं. परक्याच्या पोरीला कुणी नको म्हटलं तर समजू शकते. ही तर स्वतःच्या पोटच्या पोरीला घे म्हटलं तर 'मला नको' म्हणाली. मी माझ्या कानांनी ऐकलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज सरळ विचारलं. ती भाकरी थापत होती. म्हटलं, "तू मला परत का घेत न्हाईस?"

हात थांबले. भाकरी परातीतच राहिली.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणीबी सांगू दे. का घेत न्हाईस? मी काय वाईट हाय? गणितात पहिली आले, तू जाऊ दे म्हणालीस. चित्राला बक्षीस मिळालं, तू ते कपाटाच्या मागं टाकलंस. मंथननं नुसती रेघ मारली तर भिंतीला चिकटवतीस. एकदा घे म्हटलं तर घेत न्हाईस!"

"जिवंत हायस न्हवं?" वहिनी म्हणाली. "मग झालं."

हे काय उत्तर झालं? जिवंत तर शेजारचं मांजरबी हाय. मी ताट तिथंच ठेवून उठले. ती मला जेव म्हणालीसुद्धा न्हाय. मग हळूच म्हणाली, "खोकला हाय का गं तुला?"

काय संबंध?

१७ फेब्रुवारी, सोमवार

कालचं आणि आजचं एकदम लिहिते. काल लिहायला जमलं न्हाय.

काल रविवारी सगळे निपाणीला गेलो. वहिनी येणार नव्हती, पण पप्पा म्हणाले, माहेरच्या जागी असलेली बाई जग सोडून चालली, न गेल्यावर लोक काय म्हणतील. बसमध्ये ती खिडकीला चिकटून बसली आणि काकतीपासनं निपाणीपर्यंत पदराचं टोक पिळत होती.

चंदनाक्काच्या दारात मांडव. आज दीक्षा होती, आणि काल सगळ्यांची क्षमा मागायची. आम्ही गेलो तेव्हा ती सौम्याताईच्या कानात काहीतरी सांगत होती. सौम्याताई मान हलवत होती आणि माझ्याकडं बघत होती. मला बघून दोघी गप्प झाल्या. मला वाटलं, ड्रेसचं बोलत असतील.

दुपारी चंदनाक्का पाटावर बसली आणि एक एक माणूस समोर येऊ लागलं. सुना, जावा, शेतातल्या बायका, भांडण झालेल्या शेजारणी. ती प्रत्येकापुढं हात जोडायची, "माझं काय चुकलं असंल तर क्षमा करा." सगळ्या रडत होत्या. बाहुबलीमामा एवढा मोठा माणूस, खांबाआड जाऊन रडला. मग तिनं मला हाक मारली.

"आरोही, ये बाळ. हिथं बैस."

तिच्या शेजारी सूप होतं, जोंधळ्यानं भरलेलं.

"अंजनी," ती म्हणाली, "शेवटचं विचारते. आता माझ्याकडं हीच राहिली."

वहिनी मांडवाच्या खांबापाशी उभी होती. पदर दातात धरला होता. नुसती मान हलवत होती. न्हाय, न्हाय, न्हाय. एवढ्या सगळ्या बायकांपुढं!

तेवढ्यात सौम्याताई पुढं आली. "आज्जी, मग मी घेऊ का? मला बहीण न्हाय."

बायका हसल्या. चंदनाक्का हसली न्हाय.

"घे की. कुणीतरी घ्यायलाच पायजे." मग मला म्हणाली, "जाशील हिच्याकडं?"

मी वहिनीकडं बघितलं. ती खांबाला घट्ट धरून होती. मला इतका राग आला, इतका राग आला, की मी मोठ्यांदा म्हटलं, "जाईन! हिथंच ऱ्हाईन. बटाटाबी सोडीन. मला ते तिकडचं घर नको."

सौम्याताईनं सूप उचललं. चंदनाक्काला द्यायला वळली.

आणि वहिनी आली. आली म्हणजे धावत आली. मधल्या बायकांना ढकलून, कुणाच्या तरी पायावर पाय देऊन. सौम्याताईच्या हातातनं सूप हिसकावलं, इतक्या जोरात की निम्मा जोंधळा माझ्या डोक्यावर पडला. मग ते सूप तिनंच चंदनाक्काच्या मांडीवर नेऊन आदळलं.

"माझी हाय ती!" वहिनी ओरडली. "माझी हाय. माझी!"

आणि लगेच तिनं स्वतःचं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं. डोळे मोठे करून वर बघितलं, मग दाराकडं, मग माझ्याकडं, जणू आत्ता कोणीतरी येऊन मला उचलून नेणार. मी तिचा असा आवाज जन्मात ऐकला नव्हता. घरात ती कधी ओरडती ती वेगळी. ही कुणीतरी दुसरीच बाई होती, आणि ती मला माझी म्हणाली.

चंदनाक्कानं माझ्या केसांतला जोंधळा वेचला, आपल्या ओंजळीत घेतला आणि म्हणाली, "पोचला. मला पोचला गं अंजनी. आता माझं काय राहिलं न्हाय." मग माझ्या गालावरनं हात फिरवला. हात लगेच काढला न्हाय. म्हणाली, "आता बटाटा खात जा हं." आणि पदरानं डोळे पुसले. मांडवात धूळ लई होती.

सांडलेले दाणे गोळा करताना सौम्याताई माझ्यापाशी बसली. मी म्हटलं, "बरं झालं, आता तुझे जुने ड्रेस यायचे बंद होतील."

ती हसत सुटली. "माझे? अगं, ते माझ्या दंडातसुद्धा गेले नसते! तुझी आई बेळगावातनं तुझ्या मापाचे नवे घेऊन आज्जीकडं पाठवायची. आज्जी ते माझ्या खांद्यावर टाकायची, अंगणात एक चक्कर मारायला लावायची आणि धुऊन परत पाठवायची. वापरलेला झाला म्हणून. लहानपणी मला लई राग यायचा. एवढे भारी ड्रेस आणि मला नुसतं चक्कर मारायचं!"

मी दाणे गोळा करायचे थांबले. सगळे? सगळेच्या सगळे? तो मोरपंखी? तो लाल, फुग्याच्या बाह्यांचा, जो मी रागानं फाडला?

आज सकाळी दीक्षा झाली. चंदनाक्काचे केस हातानं उपटून काढले. पांढरे केस, मूठ मूठ. मला बघवंना, तरी बघितलं. तिनं तोंडातनं हूं की चूं केलं न्हाय. मग ती पांढऱ्या साडीत, पिंछी घेऊन आमच्या समोरनं अनवाणी गेली. मी "चंदनाक्का" म्हणणार होते, पप्पांनी माझा हात दाबला. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय. कालच एवढा गालावरनं हात फिरवला आणि आज ओळखसुद्धा न्हाय! माझ्यापाशी आल्यावर तिचं पाऊल मात्र जरा थांबलं. पायात खडा टोचला असंल.

२० फेब्रुवारी, गुरुवार

वहिनीला काय झालंय कळत न्हाय. मला वाटलं होतं, परत घेतलं की ती खूश होईल. उलट वाळत चालली. मी शिंकले की हातातलं काम टाकती. शाळेत सोडायला स्वतः येती, आठवीतल्या पोरीला! पोरी हसतात. रस्ता ओलांडताना मनगट इतकं घट्ट धरती की काल वळ उठला. मी म्हटलं, "दुखतंय." तिनं सोडलं, आणि चार पावलं गेल्यावर परत धरलं.

मालुबाई म्हणाल्या, "केराबाईला काय सोन्याची केलीस का गं?" वहिनी नेहमीसारखं "माकड" म्हणणार होती. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग मला आत ढकलून दार लावलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

पप्पा मंथनला घेऊन बेळगुंदीला पाहुण्यांकडं गेलेत. घरात आम्ही दोघीच.

सकाळी वहिनीनं कपाटातनं एक पुडकं काढलं. दुकानाचं, दोऱ्यानं बांधलेलं. आत ड्रेस. निळा. कॉलरला टाचण्या तशाच, आत पुठ्ठा, नव्या कापडाचा वास. निपाणीला न जाता आलेला पहिलाच.

मी हात पुढं केला. तिनं दिला न्हाय. एकेक टाचणी काढली, ड्रेस उलगडला, आणि माझ्याकडं न बघता स्वतःच्या खांद्यावर टाकला. तसाच टाकून स्वयंपाकघरातनं मागाच्या खोलीपर्यंत गेली आणि परत आली. मग घडी घालून माझ्या हातात दिला.

"घे," म्हणाली. "वापरलेला हाय."

मला हसू आलं आणि रडूबी आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं नाकातनं पाणी आलं. कसं तोंडातनं गेलं कळलं न्हाय. मी म्हटलं, "आई."

ती दचकली. पायाशी साप निघाल्यावर दचकतात तशी. आधी खिडकीकडं बघितलं, मग दाराकडं. जाऊन दार लावलं, कडी घातली. मला वाटलं, आता ओरडणार. माझं चुकलंच, एवढी घाई करायला नको होती.

ती मागाच्या खोलीत गेली. एक माग चालू केला, मग दुसरा. रविवारी आमचे माग बंद असतात. सगळं घर खटखटायला लागलं, भांडी हलायला लागली, रस्त्यावरचं काय म्हणून काय ऐकू येईना.

मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, अगदी जवळ. ओठ हलले ते मी वाचले. "आता म्हण."

मी म्हटलं. त्या खटखटीत मला माझंच ऐकू आलं न्हाय. तिला आलं.